मोठ्याने वाचणारे हेमराजजी

खाणीच्या वसाहतीतल्या शाळेवर रुजू झालो त्याच दिवशी संध्याकाळी मला वाटलं, कुठंतरी जोराचं भांडण जुंपलंय. कुणीतरी माणूस गळा फाडून ओरडत होता. मी खोलीबाहेर आलो. शेजारच्या क्वार्टरमधले वायरमन भोयर अंगणात बाजेवर निवांत पडले होते. मी घाबरून विचारलं, "काय झालं हो? मारामारी आहे का?"

त्यांनी कूसही बदलली नाही. "नाई जी गुरुजी," ते म्हणाले, "लायब्ररी उघडली."

वजनकाट्याच्या पलीकडे दोन खोल्यांची एक दगडी इमारत होती. दारावर 'कामगार वाचनालय' असं कोरलेलं. आत भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि बरोबर त्या पाटीखाली खुर्ची टाकून हेमराज रहांगडाले त्या दिवसाचं वर्तमानपत्र वाचत होते. सतरंजीवर बसलेल्या माणसांना ऐकू जावं एवढ्यासाठीच. पण ते माझ्या खोलीपर्यंत येत होतं.

हेमराजजींना हळू बोलताच येत नसे. तुमसर मागं टाकून सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात तिथल्या या मँगनीजच्या खाणीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं सुरुंग लावण्यात गेली होती. डावा कान पुरता गेलेला, उजवा अर्धा. आपण बेतानंच बोलतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पाटीकडे बोट दाखवून कुणी थट्टा केली, की म्हणत, "ज्यानं ते लिवलं त्यानं मले इचारलं नोतं."

मी त्यांना पाहिलं तेव्हा ते निवृत्त झाले होते. सिहोऱ्याजवळच्या गावी मुलगा धानाची शेती करायचा, सून होती, नातवंडं होती. घरी बसावं असं सगळं होतं. पण हे रोज सकाळीच जेवून सायकल काढायचे आणि खाणीवर यायचे. उंच, काळेसावळे, खांद्यावर दुपट्टा, उजव्या कानामागं नेहमी तळवा धरलेला. वाचनालय त्यांना कुणी सोपवलं नव्हतं. आधीचा माणूस बदलून गेला, किल्ली यांच्या हाती आली आणि ती यांनी सोडलीच नाही.

त्या इमारतीची गोष्ट ते दर नव्या माणसाला ऐकवत, आणि जुन्यालाही. ती कंपनीनं बांधली नव्हती. त्यांच्या वडिलांच्या पिढीतल्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी, खाणीतलाच टाकाऊ दगड डोक्यावरून वाहून ती उभी केली होती. कपाटं खाणीतल्याच एका सुताराच्या हातची, सागवानाची. कामाला माणसं बालाघाटकडून आली, छत्तीसगडातून आली, इकडून साकोलीच्या एकोडीहून आली; गावी जाऊन येणारा प्रत्येक जण येताना एखादं पुस्तक आणायचा. त्यामुळे त्या कपाटांत कशाशेजारी काय उभं असेल याचा नेम नव्हता. हिंदी कहाण्यांशेजारी कामगार कायदा, त्याला लागून सर्पदंशावरचे उपाय, पलीकडे झाडीपट्टीच्या नाटकांच्या जुन्या संहिता, नटांच्या बोटांचे डाग पडलेल्या.

पुस्तकांबद्दल भक्तिभाव मात्र त्यांना अजिबात खपत नसे. एकदा नवा आलेला एक ड्रायव्हर चपला दाराबाहेर काढून आला, पुस्तक घेतलं आणि ते कपाळाला लावलं. हेमराजजी भडकले.

"पाया कायले पडून राहिला रे? देव हाय का तो?"

"नाई, विद्या हाय ना जी..."

"मंग वाच ना! पाया पडनारे लोक कधी वाचत नाईत. घाल चपला."

त्या बिचाऱ्याला खरोखर चपला घालायला लावल्या.

दुपारी खनिज निवडणाऱ्या बायांची सुट्टी व्हायची. काळ्या धुळीनं माखलेले हात धुऊन त्या वाचनालयाच्या ओट्यावर भाकरी सोडायच्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. हेमराजजी त्यांना रोज एक कादंबरी थोडी थोडी वाचून दाखवत. एकदा अशीच एका गरीब घरच्या मुलीची कादंबरी चालली होती. सासरी तिचे हाल चालले होते आणि इकडे ओट्यावर बाया सासूला शिव्या देत होत्या. शेवटी ती मुलगी माहेरी परतते, बाप तिला दारात घेतो, आणि गोष्ट संपते. बाया खूश होऊन कामावर गेल्या.

त्यांच्यातल्या फुलवंताबाईची मुलगी माझ्या वर्गात होती, वाचायची भलती हौस. तिनं तेच पुस्तक घरी नेऊन वाचलं. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र चाळायला वाचनालयात बसलो होतो, तर फुलवंताबाई तरातरा आत आली. मागं बाकीच्या बाया, मंदाही त्यांत.

"का जी हेमराजभाऊ, ते पोरगी तं मेली! विहिरीत जीव देल्ला तिनं. तुमी तिले जिवंत काहून ठेवली?"

हेमराजजींनी कानामागं हात नेला. पण ऐकू आलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. "मंदाचा नवरा आताच गेला ना बाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या मानानं ते फार हळू होतं. "म्हटलं, तिच्यापुढं अजून मरन कायले..."

"मंदानं तुमाले सांगतलं का? आमी वाचू शकत नाई म्हनून लहान लेकरं समजता का आमाले? रडलो असतो तं रडलो असतो. आमचं रडनं तुमी कायले दाबून ठेवलं?"

हेमराजजींनी पुस्तक मागून घेतलं, शेवटचं प्रकरण काढलं आणि ओट्यावर जाऊन अक्षरन् अक्षर वाचलं. बाया रडल्या. मंदा सगळ्यांत जास्त रडली, आणि मग तिनंच उठून सगळ्यांना पाणी दिलं. त्या दिवसापासून हेमराजजींनी कुठल्याही पुस्तकातला एक शब्द गाळला नाही. मग तो शब्द बायांपुढं वाचण्यासारखा नसला तरी. त्यावरूनही पुढं भांडणं झालीच.

मग खाणीचं तोंड वाढवायचं ठरलं. खड्डा सरकत सरकत वजनकाट्यापर्यंत येणार, इमारत पाडावी लागणार, अशी कुजबुज आधी कँटीनमध्ये झाली आणि मग रीतसर सूचना लागली. कारण दिलं होतं की इमारत जुनी आहे, भिंतींना तडे आहेत, माणसांना धोका आहे. हेमराजजी मला बरोबर घेऊन ऑफिसात गेले. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"तडे मीच पाडले ना साहेब," हेमराजजी म्हणाले. "माह्या सुरुंगाईचे हायेत ते. कोनता तडा किती जुना ते मले ठाऊक. भिंत पडत नाई. मले इचारा."

साहेब हसला. "काका, इमारत कंपनीच्या जागेवर आहे. पण पुस्तकं तुमचीच. ती खुशाल घेऊन जा."

"तुमची म्हंजे कोनाची?"

"म्हणजे... युनियनची असतील."

युनियनमध्ये तेव्हा दोन तट होते. एका पुढाऱ्यानं सांगितलं, आधी दवाखान्याचा प्रश्न, मग बाकी. दुसऱ्यानं सांगितलं, पहिल्यानं हात घातला असता तर आम्हीही घातला असता. मग आम्ही भंडाऱ्याला गेलो. तिथल्या एका कचेरीत एका बाईंनी आपुलकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे सार्वजनिक वाचनालयांत मोडत नाही, खाजगी आहे.

"खाजगी म्हंजे कोनाचं?" हेमराजजींनी विचारलं. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. "ज्याचं असन त्याचं नाव सांगा मॅडम, मी त्याच्या घरी जातो."

नाव कुणाकडेच नव्हतं. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. वाटेत एका कारखान्याच्या फाटकाशी बसमधून माणसं उतरत होती. त्यांच्याकडे बघत मग म्हणाले, "सरकारी असतं तं सरकारनं पाडलं असतं, कंपनीचं असतं तं कंपनीनं पाडलं असतं. आपलं हाय म्हनून दोघंही पाडून राहिले."

यानंतर त्यांनी सभा बोलावली. घरोघर जाऊन स्वतः सांगितलं. संध्याकाळी सातची वेळ. मला वाटलं होतं आम्ही दोघं आणि भोयर असू, पण हळूहळू माणसं यायला लागली. बाया आल्या, पोरं आली, खोली भरली, ओटा भरला. हेमराजजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते उभे राहिले आणि त्यांनी बापांनी दगड वाहिल्याची गोष्ट सुरू केली. लोक पंखे सरकवून घेत होते, पोरं भिंतीशी मोबाईल चार्जिंगला लावत होती. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. वसाहतीची लाईन गेली होती. वाचनालय वजनकाट्याच्या लाईनवर होतं, तेवढं चालू होतं.

गोष्ट कपाटांपर्यंत आली आणि वसाहतीत दिवे लागले. "आली, आली!" म्हणून पोरं ओरडली. लोक उठले. काही जणांनी जाताना हेमराजजींना नमस्कार केला. एक बाई म्हणाली, "बेस बोललात जी." सतरंजीवर फुलवंताबाई, मंदा, भोयर आणि आम्ही उरलो.

हेमराजजी बोलायचे थांबले नाहीत. पूर्ण गोष्ट सांगितली, तेवढ्याच आवाजात. मग सतरंजी झटकून घडी करताना मला म्हणाले, "लोक खराब नाईत गुरुजी. खराब असते तं मले बरं पडलं असतं."

मी शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठून एक खोली मिळवली होती. मोकळी, कोरडी, पुस्तकं सहज मावतील अशी. मला वाटलं प्रश्न सुटला. हेमराजजींनी सरळ नकार दिला.

"शाळेत मोठा मानूस जाते का? पोट्ट्याचं गाऱ्हानं ऐकालेच जाते. अंगठा लावनारा तं फाटकातही पाय ठेवत नाई. तुमच्या खोलीत पुस्तकं वाचतीन, वाचनालय मरन."

मी समजावलं, चिडलो, शेवटी ओरडलो. त्यांच्याशी बोलताना ओरडावंच लागे, पण या वेळी मी खरा ओरडलो. ते हलले नाहीत. ती खोली पुढं संगणकांना गेली. आजही मला वाटतं की त्यांनी ऐकायला हवं होतं, आणि आजही मला खात्री नाही.

याच सुमारास नागपूरहून काही मंडळी आली. जुन्या कामगार वस्त्यांवर काम करणारी, मोठे कॅमेरे, चांगली बोलणारी. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलेली बातमी वाचून आली होती. हेमराजजींनी आदल्या दिवशी कपाटं पुसली होती, काचा धुतल्या होत्या. त्यांच्यातला एक जण हळहळला, "अरे, धूळ असती तर फोटोत छान दिसलं असतं." त्यांनी हेमराजजींना डोक्यावर खाणीचं हेल्मेट घालून कपाटापुढं बसवलं.

एका मुलीनं मोठ्या मायेनं त्यांना सांगितलं, "काका, हा आपला वारसा आहे. तो जपला पाहिजे."

"वारसा म्हंजे मेल्यावर मांगं राहाते तेच ना?" हेमराजजींनी विचारलं. "आमी तं जिवंत आहो ना बाई. दुपारी बाया येतात. थांबा ना, आयका."

त्यांना पुढं रामटेककडे जायचं होतं. दुपारपर्यंत कुणी थांबलं नाही. फोटो मात्र सुंदर आले, पुष्कळ लोकांनी पाहिले. आणि त्या फोटोंचा परिणामही झाला. कंपनीनं जाहीर केलं की वाचनालयाचा वारसा जतन केला जाईल.

इमारत पावसाळ्याआधी पाडली. मशीनला फार वेळ लागला, भिंती पडेनात. हेमराजजी सायकलीला टेकून लांब उभे होते. "पाहा," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पडते का? म्हनत होतो ना मी, पडत नाई." जणू ती पडली नाही तर पाडणारे खजील होऊन परत जातील. ती पडलीच.

पाहुण्यांच्या बंगल्यात दर्शनी खोलीत एक दालन झालं. आमच्या सागवानी कपाटांपैकी सगळ्यांत देखणं कपाट तिथं पॉलिश करून उभं केलं. त्यात चांगल्या बांधणीची पुस्तकं निवडून, रंग जुळवून लावली. बाकीची पोत्यांत भरून कँटीनच्या मागच्या कोठीत टाकली. उद्घाटनाला मोठे साहेब आले. हेमराजजींना शाल, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या आणि दोन शब्द बोलायची विनंती झाली.

हेमराजजी माईकपुढं गेले नाहीत. त्यांना माईक लागत नसे. ते कपाटापाशी गेले. काचेतून बघितलं, दाराची मूठ ओढून पाहिली.

"याची किल्ली?"

कुणीतरी कुणाकडे बघितलं. "काका, तुम्ही आधी बोला ना."

"बोलतो. किल्ली द्या. मले ते निळं पुस्तक पाह्यजे. त्यातलं एक पान वाचून दाखवतो, मंग बोलतो."

कुणी म्हणालं, किल्ली कल्याण विभागाच्या साहेबांकडे असेल. ते म्हणाले, काम करणाऱ्या ठेकेदाराकडे असेल. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, नागपूरला पाठवली. मोठे साहेब हसून म्हणाले, "ही पुस्तकं आता फार मौल्यवान आहेत काका. हाताळली तर खराब होतील."

"खराबच आहेत जी ते!" हेमराजजींचा आवाज बंगल्याबाहेर गेला असेल. "मांगचं पान नाई त्याले. भोयरच्या बापानं चहा सांडवला हाय त्याच्यावर. वाचून वाचून खराब झालं म्हनूनच तं तुमी ते मांडून ठेवलं!"

मागच्या रांगेतल्या कुणाला तरी वाटलं, भाषण सुरू आहे. त्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. हेमराजजी त्या टाळ्या वाजत असतानाच बाहेर पडले. जेवायला थांबले नाहीत. शाल खुर्चीवर तशीच राहिली; ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली तर सुनेच्या हातात देऊन म्हणाले, "बैलाच्या पाठीवर टाक."

कोठीतली पोती मात्र त्यांनी सोडली नाहीत. कँटीनवाल्याला जागा हवीच होती. मुलाची बैलबंडी आणून सगळी पोती त्यांनी गावी नेली. घरात धान ठेवायला जागा पुरेना, सून कुरकुरली. तिचंही चूक नव्हतं. मग त्यांनी भलताच उद्योग काढला. निवृत्त होऊन आसपासच्या गावांत पांगलेले जुने कामगार शोधायचे आणि प्रत्येकाच्या घरी थोडी थोडी पुस्तकं ठेवायची. "तुह्या बापानं दगड उचलला होता ना? मंग हे तुह्या घरी राह्यतीन. वाचून झाली का पुढच्याले देजो." ज्याचं वाचून झालं त्याच्याकडचं घेऊन दुसऱ्याकडे पोचवायचं काम यांच्याकडे.

हे सगळं फार छान झालं असं मी सांगू शकलो असतो तर बरं वाटलं असतं. एका घरी पुस्तकं रद्दीत गेली. एका घरी पावसात छत गळलं. एकानं सगळीच्या सगळी देव्हाऱ्याजवळ ठेवून हळदकुंकू वाहिलं, तिथं हेमराजजींनी काय आकांत केला असेल ते मी ऐकलं नाही, पण कल्पना करू शकतो. कुणी म्हणायचं, घेऊन जा, जागा नाही. दर भेटीत ते मला हेच सांगत, संतापून, त्याच त्या माणसांची नावं घेऊन. थकले होते. सायकल आता चढावर हातानं ढकलत न्यायचे.

मी बदलून तुमसरला आलो, भेटी कमी झाल्या. गेल्या उन्हाळ्यात सिहोऱ्याकडे एका विद्यार्थ्याच्या घरी जेवायला गेलो होतो. परतताना एका गावात रस्त्याकडेच्या घराच्या छपरीतून ओळखीचा आवाज आला. मी गाडी थांबवली.

छपरीत बाजेवर एक म्हातारी बसली होती, चष्म्याला दोरी बांधलेली, मांडीवर जाडजूड पुस्तक. एकेका शब्दाखालून बोट सरकवत होती. समोर हेमराजजी उभे.

"दे ना वं बाई. तिकडे डोमाजी वाट पाहून राहिला. कबूल केलं मी त्याले."

"पाहू दे वाट," म्हातारी म्हणाली. "माहं वाचून व्हाचं हाय."

"दिवसाले एक पान वाचतं तू! असं तं दिवाळी येईन!"

"येईन तं येईन. तुमचं काय जाते जी?"

मला बघताच त्यांनी तक्रार माझ्याकडे वळवली. "पाहा गुरुजी! आयुष्यभर मंगनीज निवडलं हिनं, अक्षर ठाऊक नोतं. नातीजवळ शिकली म्हंते. आता पुस्तक सोडतच नाई. मी तिसऱ्यांदा आलो. असे लोक! याईच्यासाठी मरावं मानसानं?"

"कुठपर्यंत आली आजी?" मी विचारलं.

"सांगत नाई," ती म्हणाली आणि बोट पुढच्या शब्दाखाली नेलं.

ऊन अजून उतरलं नव्हतं. मी हेमराजजींना म्हणालो, "चला, गाडीवर सोडतो. सायकल इथंच राहू द्या, उद्या न्या."

"नाई जी, तुमी जा. आज मी घेऊनच जातो." त्यांनी घरात डोकावून पाणी मागितलं, घटाघटा प्यायले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि छपरीच्या काठावर तिच्यासमोर बैठक मारली.

वळणावर मी मागं बघितलं. म्हातारी पुस्तकातून मान वर काढत नव्हती, आणि ते उठायला तयार नव्हते.